सिंगल फेज मोटर घेताना एचपी सगळ्यात शेवटी विचारा

कडबाकुट्टीची मोटर जळाली की गावात निदान ठरलेलं असतं: "एचपी कमी पडला." मग दोन एचपीच्या जागी तीनची येते. ती सुरू होताना आधीपेक्षा जास्त करंट ओढते, त्याच बारीक वायरीवर व्होल्टेज आणखी पडतो आणि नवी मोटर न फिरता जागच्या जागी घुमत बसते. चार दिवसांनी वाइंडिंगवाल्याकडे तीही पोचते. अशा वेळी एचपी बरोबरच असतो, चुकलेला असतो तो मोटरचा प्रकार, नाहीतर वायर.

शेतातली थ्री फेज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली तर गोठ्यातली कामं त्या वेळेवर बसत नाहीत. त्यामुळे कुट्टी, गिरणी, कंप्रेसर, ग्राइंडर, दूध काढायचं यंत्र ही सगळी वस्तीवरच्या सिंगल फेजवर येतात. पुढचा क्रम त्यांच्यासाठी आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका, कारण प्रत्येक पायरीवरची नोंद पुढच्या पायरीला लागते. एक कागद, मल्टीमीटर आणि जमलं तर टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) हाताशी ठेवा.

## १. यंत्र सुरू होताना किती अडतं, ते बघा

मेन स्विच काढा, बेल्ट उतरवा आणि यंत्राची पुली हाताने फिरवा.

सहज फिरली, तर सुरुवात हलकी. पंखा, बेंच ग्राइंडर, ड्रिल मशीन, सेंट्रिफ्यूगल पंप हे या गटातले. फेरे वाढतात तसा त्यांचा भार वाढतो, उभ्या अवस्थेत तो जवळजवळ नसतोच.

पहिल्या फेऱ्यालाच जोर लावावा लागला, तर सुरुवात जड. पिस्टनचा कंप्रेसर, पिस्टनचा पंप, आत माल असलेला काँक्रीट मिक्सर, धान्य वर चढवणारा एलेव्हेटर, दगडाची गिरणी ही सगळी यातली.

तिसरा गट फसवा असतो. कडबाकुट्टीचं जड चाक हाताने फिरतं, म्हणून ते हलकं वाटतं. पण वजनदार चाकाला पूर्ण फेऱ्यांवर आणायला मोटरला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती पाच ते सात पट करंट ओढत असते. पुढे मक्याची जाड पेंढी एकदम तोंडात गेली की क्षणभर भार दुप्पट होतो. कुट्टी, थ्रेशर आणि लाकडाची गोल करवत जड गटातच धरा.

कागदावर चार गोष्टी लिहा: सुरुवात हलकी की जड, यंत्राला लागणारे मिनिटाचे फेरे (त्याच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत असतात), सलग किती वेळ चालणार आणि भोवती धूळ, भुसा, पाणी किती.

तपासा: कंप्रेसरला अनलोडर (बंद झाल्यावर डोक्यातली दाबाची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) आहे का? टाकीत दाब असताना डोक्यातली हवा सुटत नसेल, तर कुठलीही सिंगल फेज मोटर दुसऱ्यांदा सुरू होताना अडेल. दोष तिथे मोटरचा नसतो.

## २. मोटर बसणार तिथला व्होल्टेज मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मीटरच्या खोलीत २३० दिसले म्हणून गोठ्यात २३० असतील असं नाही. आणि गोठ्यात काही चालू नसताना दिसणारा आकडा तर निव्वळ दिलासा देतो.

मोजणी संध्याकाळी, गावाचा भार चढलेला असताना करा. मोटर बसणार त्या जागच्या बोर्डावर आधी मोकळा व्होल्टेज बघा. मग पाणी तापवायचा २००० वॅटचा रॉड बादलीत सोडून त्याच बोर्डच्या १६ अँपिअर सॉकेटवर लावा आणि शेजारच्या सॉकेटवर पुन्हा मोजा. रॉड साधारण साडेआठ अँपिअर ओढतो.

समजा आकडा २२५ वरून २१२ वर आला. साडेआठ अँपिअरला १३ व्होल्ट पडले, तर १२ अँपिअर ओढणाऱ्या दोन एचपीच्या मोटरला १८ पडतील. हा झाला चालू भार. सुरू होतानाचा करंट कित्येक पट असतो, त्यामुळे त्या दोन-तीन सेकंदांत मोटरच्या टर्मिनलवर १७०-१८० व्होल्टच उरतात.

इथे एक नियम कामाला येतो: मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० मिळाले तर व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी, पण जोर ३९ टक्क्यांनी कमी. मोकळ्या पुलीवर झोकात फिरणारी मोटर बेल्ट चढवल्यावर का घुमते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

वायरीचा हिशोब असा. मीटरपासून १०० मीटरवर १२ अँपिअर न्यायचे असतील, तर जाऊन-येऊन २०० मीटर तांबं होतं. २.५ चौरस मिमी वायरीत सुमारे १८ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिमीत ११, ६ चौरस मिमीत साडेसात. ॲल्युमिनियमची वायर असेल तर याच जाडीला दीडपटीहून थोडी जास्त घट धरा. चालू भारावर ११-१२ व्होल्टच्या आत घट बसली पाहिजे. बसत नसेल तर मोटरआधी वायर बदला. खर्च जिवावर येतो खरा, पण रिवाइंडिंगचा खर्च पुन्हा पुन्हा होतो.

इशारा: रॉड चालू असताना पाण्यात बोट घालू नका, बादलीला हात लावू नका. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड.

मोकळा व्होल्टेजच संध्याकाळी २०० च्या खाली असेल, तर तक्रार डीपीकडची (ट्रान्सफॉर्मरकडची) आहे, ती महावितरणकडे न्या. स्टॅबिलायझर हा त्यावरचा उपाय समजू नका. तो व्होल्टेज वर करतो तेव्हा मागून जास्त करंट ओढतो, आणि मोटरचा सुरुवातीचा झटका सोसायचा तर तो बराच मोठा घ्यावा लागतो.

## ३. मोटरचा प्रकार ठरवा

सिंगल फेज मोटर स्वतःहून फिरायला सुरुवात करू शकत नाही. तिला सुरुवातीचा ढकला देण्यासाठी दुसरं वाइंडिंग आणि बहुधा कंडेन्सर लागतो. तो ढकला किती मोठा, यावरूनच प्रकार पडतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

फक्त रन कंडेन्सरची मोटर. एकच कंडेन्सर, साधारण २० ते ५० मायक्रोफॅरडचा, त्यावर ४४० व्होल्ट छापलेलं. तो मोटर चालू आहे तोवर लाइनमध्येच राहतो. आत स्विच नाही, म्हणून बिघाड कमी आणि आवाजही कमी. पण सुरुवातीचा जोर पूर्ण भाराच्या जोराइतकाही नसतो. पंखा, ब्लोअर, लहान सेंट्रिफ्यूगल पंप यांना उत्तम, कुट्टीला पूर्ण चुकीची.

स्टार्ट कंडेन्सरची मोटर. कंडेन्सर बहुधा काळा, गोल, ८० मायक्रोफॅरडपासून पुढचा. फेऱ्यांनी सुमारे ७५ टक्के वेग गाठला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच त्याला बाजूला करतो. सुरुवातीचा जोर पूर्ण भाराच्या दुप्पट-तिप्पट. अर्धा-एक एचपीच्या जड सुरुवातीच्या यंत्रांना चांगली.

दोन्ही कंडेन्सरची मोटर. सुरुवातीला दोन्ही, नंतर फक्त रन. सुरुवातही जोरदार आणि चालू भारावर करंटही कमी. दीड एचपीच्या पुढे जड काम असेल तर माझं मत सरळ आहे: हीच घ्या. किंमत जास्त असते, पण लांब वायर आणि पडका व्होल्टेज जिथे आहे तिथे दर अँपिअरला किंमत असते.

बिनकंडेन्सरच्या स्प्लिट फेज मोटरी लहान ग्राइंडर, ड्रिलमध्ये दिसतात. त्या करंट जास्त ओढून जोर बेताचा देतात, शेतात त्यांचं काम नाही.

तपासा: जुनी मोटर कुठल्या प्रकारची, ते कान सांगतो. बटण बंद केल्यावर मोटर मंदावते आणि थांबायच्या आधी आतून "टक्" आवाज येतो. तो सेंट्रिफ्यूगल स्विच परत जागेवर बसल्याचा. टक् आलाच नाही तर बहुधा मोटर फक्त रन कंडेन्सरची आहे, नाहीतर स्विच चिकटला आहे.

नेहमीच्या दोन चुका. पहिली: पडून असलेली पंपाची मोटर कुट्टीला जोडणं. दुसरी: मोटर उचलत नाही म्हणून "मोठा कंडेन्सर टाका". रन कंडेन्सरच्या जागी जास्त मायक्रोफॅरडचा टाकला की स्टार्ट वाइंडिंगमधून कायम जास्त करंट जातो आणि ते जळतं. स्टार्ट कंडेन्सर रनच्या जागी लावला तर तो थोड्याच वेळात फुगून फुटतो, कारण तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. बदलायचा तर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच, आणि व्होल्ट तितकेच किंवा जास्त.

इशारा: मोटर बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते. टर्मिनलला हात लावण्याआधी होल्डरमधला जुना फिलामेंटचा बल्ब त्याच्या दोन टोकांना लावून तो रिकामा करा. पेचकसाने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय सोडा.

## ४. फेरे आणि पुली

५० हर्ट्‌झवर दोन पोलची मोटर भाराखाली मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेते, चार पोलची १४४०, सहा पोलची ९६० च्या आसपास. तितक्याच एचपीची २८८० ची मोटर हलकी आणि स्वस्त असते, म्हणून गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं. मग फेरे कमी करायला तिच्यावर चिमुकली पुली बसवावी लागते, बेल्ट घसरतो, तापतो आणि तुटतो. बेल्टवर चालणाऱ्या बहुतेक शेती यंत्रांना १४४० ची घ्या.

हिशोब तोंडी होतो: मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले यंत्राची पुली. १४४० ची मोटर, ३ इंची पुली, यंत्रावर १२ इंची: १४४० × ३ ÷ १२ = ३६० फेरे. ए सेक्शनच्या व्ही-बेल्टला मोटरवर ३ इंचापेक्षा लहान पुली लावू नका.

"जरा जोरात फिरू दे" म्हणून पुली बदलण्याआधी थांबा. पंखा, ब्लोअर आणि सेंट्रिफ्यूगल पंप यांना लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते. फेरे १० टक्के वाढले की भार ३३ टक्के वाढतो, आणि तेवढ्यावर बेताची मोटर जळते.

इशारा: ग्राइंडरच्या चाकावर कमाल फेरे छापलेले असतात. १४४० ची मोटर काढून २८८० ची बसवताना तो आकडा वाचलाच पाहिजे. मर्यादेबाहेर फिरवलेलं चाक फुटून अंगावर येतं.

## ५. आता एचपी

यंत्राच्या प्लेटवर लिहिलेला एचपी हा पहिला आधार. प्लेट नसेल आणि जुनी मोटर चालत असेल, तर नेहमीचा माल टाकून टाँग टेस्टरने करंट मोजा. तो जुन्या नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या आत असेल तर तोच एचपी पुरेसा आहे. सतत वर जात असेल तरच एक पायरी वर चढा.

दुकानात नेमप्लेटवरचा एचपी आणि अँपिअर एकमेकांशी जुळतात का, ते बघा. एक एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारे ७४६ वॅट, तीन एचपी म्हणजे २२३८. प्लेटवर "३ एचपी, २३० व्होल्ट, १० अँपिअर" असेल तर २३० × १० = २३००. म्हणजे वाइंडिंग, लोखंड, बेअरिंग, पंखा या सगळ्यांत मिळून फक्त ६२ वॅट वाया जातात आणि पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या करंटपैकी कामाला येणारा हिस्सा) पूर्ण एक आहे, असा तो दावा होतो. या आकाराची अशी सिंगल फेज मोटर नसते. प्रामाणिक प्लेटवर एक एचपीला साधारण ५ ते ७.५ अँपिअर, दोनला ९ ते १३, तीनला १३ ते १८ असे आकडे दिसतात.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. घरचा भार आणि मोटर मिळून तो ओलांडत असेल तर आधी वाढवून घ्या.

तीन एचपीच्या पुढे सिंगल फेजचा हट्ट धरू नका. तीन एचपीपर्यंत फेरे कमी-जास्त करायचेही असतील, तर सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह आणि थ्री फेज मोटर हा पर्याय चांगला आहे. त्यात कंडेन्सर नाही, सेंट्रिफ्यूगल स्विच नाही आणि सुरुवातही सावकाश होते. ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो, त्यामुळे आपल्याकडे स्टारमध्ये ४१५ व्होल्टला जोडलेली लहान मोटर डेल्टात जोडावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

## ६. बांधणी आणि मापं

धूळ आणि भुसा असेल तिथे पूर्ण बंद, बाहेरून पंख्याने थंड होणारी, आयपी ५४ किंवा ५५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेली मोटर घ्या. जाळीच्या उघड्या मोटरीत कडब्याचा बारीक भुसा आत जाऊन वाइंडिंगवर बसतो, सेंट्रिफ्यूगल स्विचच्या पॉइंटमध्येही शिरतो.

ड्यूटीच्या जागी एस१ असेल तर मोटर सलग चालवायला चालते. एस२ आणि पुढे मिनिटं लिहिली असतील तर तेवढीच मिनिटं. इन्सुलेशन बी क्लासचं १३० अंशांपर्यंत टिकतं, एफ क्लासचं १५५ पर्यंत. मोटरी साधारण ४० अंश बाहेरचं तापमान धरून बनवतात आणि विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा त्यापुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर बोलायलाच नको. तिथे एफ क्लास मागून घ्या.

जुन्या जागी नवी बसवायची तर फ्रेमचा आकडा जुळवा. ९० फ्रेम म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ९० मिमी. प्रमाण मापात ८० फ्रेमचा शाफ्ट १९ मिमी असतो, ९० चा २४, १०० चा २८. स्थानिक बनावटीच्या मोटरीत हे बदलू शकतं, म्हणून पुली सोबत न्या आणि दुकानातच चढवून बघा.

तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम वाइंडिंग विकलं जातं. तोंडी भरवशावर राहू नका, बिलावर "कॉपर वाइंडिंग" लिहून घ्या. आयएसआय चिन्ह असेल तर खालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तिथेच तपासता येतो.

## ७. स्टार्टर, संरक्षण, अर्थिंग

एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) वायरीला वाचवतो, मोटरला नाही. १२ अँपिअरची मोटर १५ अँपिअर ओढत तासभर तापत राहिली तरी १६ चा एमसीबी पडणार नाही. म्हणून ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ चढा राहिला की मोटर बंद करणारा भाग) असलेला स्टार्टर हवा आणि रिले नेमप्लेटच्या अँपिअरवरच लावलेला हवा. "सारखा ट्रिप होतो" म्हणून तो वर सरकवला की पुढची फेरी वाइंडिंगवाल्याकडेच. एमसीबी सी प्रकारचा घ्या, बी प्रकारचा सुरुवातीच्या झटक्यालाच पडतो.

इशारा: साध्या बटणावर कुट्टी चालवू नका. वीज जाते, माणूस अडकलेली पेंढी ओढायला तोंडात हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असेल तर वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. पेंढी काढतानाही आधी मेन स्विच बंद.

मोटरच्या बॉडीला अर्थिंगची स्वतंत्र वायर आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), दोन्ही बसवा. गोठ्यात जमीन ओली असते आणि जनावराला माणसापेक्षा कमी व्होल्टेजही पुरतो.

## ८. पहिल्यांदा सुरू करताना

१. बेल्ट न चढवता सुरू करा. मोटरने दोन-तीन सेकंदांत पूर्ण वेग घ्यायला हवा. पाच सेकंद नुसती घुमली तर लगेच बंद करा.

२. दिशा बघा. उलटी असेल तर फेज-न्यूट्रल अदलाबदल करून काही होणार नाही. टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्ट वाइंडिंगची दोन टोकं आपसात बदलावी लागतात, त्याचा नकाशा झाकणाच्या आत चिकटवलेला असतो.

३. मोकळा करंट मोजा. तो पूर्ण भाराच्या निम्म्याहून जास्त दिसला तरी घाबरू नका, सिंगल फेज मोटरींचं असंच असतं. "रिकामीच सात अँपिअर घेते" म्हणून चांगली मोटर परत करणारे भेटतात.

४. वीज बंद करून बेल्ट चढवा. पुल्या एका रेषेत आहेत का, ते ताणलेल्या दोरीने बघा. गार्ड बसवा, मगच पुन्हा सुरू करा. यंत्र रिकामं असताना मोटरने वेग घ्यायला बराच वेळ लावला तर बेल्ट जास्त ताणलेला आहे किंवा पायरी २ वर वायर हुकली आहे.

५. माल थोडा थोडा टाकत न्या आणि अँपिअर व व्होल्टेज दोन्ही एकाच वेळी बघा. व्होल्टेज २१० च्या वर आणि अँपिअर प्लेटच्या आत राहिले पाहिजेत.

६. पहिल्या दिवशी सारखी चालू-बंद करून बघण्याचा मोह होतो. स्टार्ट कंडेन्सर तासाला वीसेक सुरुवातीच सोसतो, त्याही दोन-तीन सेकंदांच्या.

७. अर्ध्या तासाने बॉडी हाताला सोसवणार नाही इतकी तापली, तरी तेवढ्यावरून मोटर खराब ठरत नाही, बंद मोटरीची बॉडी ६०-७० अंशांवर जातेच. जळका वास आला किंवा अँपिअर हळूहळू चढत गेले तर बंद करा.

नेहमीच्या मालावरचे अँपिअर आणि व्होल्टेज स्टार्टरच्या झाकणाच्या आत मार्करने तारखेसह लिहून ठेवा. पुढे मोटर कुरकुरली की वायरमन आधी तेच विचारेल.